सरासरी नऊ अंश

सोमवारी सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या उरकिया अपाने नासिपाचं मनगट धरलं, तिला आपल्या खोलीत ओढत नेलं आणि तिचा उघडा हात खिडकीखालच्या रेडिएटरवर ठेवला. वरून स्वतःचा हात दाबून धरला. नासिपा कामावर निघाली होती. एका खांद्यावर पिशवी, एका हातात मोजा, दुसरा अजून दातांत. अपाच्या दारात ती फक्त दुधाची बाटली द्यायला थांबली होती. लोखंड इतकं गार होतं की पहिल्या क्षणी ते ओलं वाटलं. मग ओलेपणा गेला आणि नुसता गारवा उरला, आणि तो बोटांच्या सांध्यांतून हळूहळू मनगटाकडे चढू लागला. अपाच्या अंगात दोन स्वेटर होते, त्यावर मेलेल्या नवऱ्याचा कोट, डोक्याला लोकरी रुमाल. वय अठ्ठ्याहत्तर. श्वास घेताना तिच्या छातीत कुणीतरी कागद चुरगाळत बसल्यासारखा आवाज येत होता.

"कळलं?" अपाने शेवटी विचारलं.

"कळलं, अपा."

"काय कळलं ते तुझ्या कचेरीत जाऊन सांग. दुपारी रेडिओवर किती गोड बोलतेस. सरासरी अमुक, सरासरी तमुक. ह्याला हात लावून बोल एकदा."

"विजेची शेगडी लावा ना तोवर."

"लावली. सगळ्या इमारतीने लावली. काल दोनदा फ्यूज उडाला. आता शेगडी लावली तर चहा होत नाही, चहा केला तर शेगडी बंद. मी चहा ठेवलाय."

जिना उतरताना तळहातावर लोखंडाच्या कडेचा आडवा पट्टा उमटलेला होता, आणि हात खिशात घालूनही तो जाईना. एकोणतीस वर्षं नासिपा या गावाचं हवामान सांगत होती. सगळं कारातोर गाव तिला आवाजाने ओळखत असे, चेहऱ्याने नाही, आणि ते तिला आवडत असे. बसमध्ये तिच्या शेजारी बसून लोक हवामान खात्याला नावं ठेवत, ती खिडकीबाहेर बघत ऐके, एखाद्या वेळी हो ला हो सुद्धा करी. शिव्या आवाजाला पडत होत्या, तिला नाही. आज मात्र कुणीतरी तिचा हात धरला होता. बसथांब्यापाशी पाटातल्या पाण्यावर चिनाराची पिवळी पानं साचून पाणी अडलं होतं, कुणीतरी पाचोळा पेटवला होता, आणि धूर वर न जाता गुडघ्याएवढ्या उंचीवर पसरून राहिला होता. डोंगर दिसत नव्हते. चार दिवस झाले, डोंगर दिसले नव्हते. ज्या गावात दक्षिण दिशा म्हणजे डोंगर, तिथे डोंगर नसले की माणसाला पाठ नसल्यासारखं होतं. लोक कोटाच्या कॉलरमध्ये मान घालून उभे होते आणि आकाशाकडे कुणी बघत नव्हतं. आकाश बघण्यासारखं काही करतच नव्हतं. थोडा पाऊस, थोडं ऊन, मग बर्फाचे दोन-चार कण जे जमिनीवर पडायच्या आत आपला विचार बदलत.

नियम जुना होता. सलग पाच दिवस सरासरी आठ अंशांच्या खाली राहिली की शहराच्या भट्ट्या पेटवायच्या आणि घराघरांतून गरम पाणी खेळवायचं. पण पुढच्या आठवड्याचा अंदाज आठच्या वर असेल, तर थांबायला मुभा होती. चार दिवस झाले होते. आज पाचवा. आज आकडाही खालीच राहणार, हे तिला घराबाहेर पडल्या पडल्या नाकाच्या शेंड्याने सांगितलं होतं. म्हणजे सगळं पुढच्या आठवड्यावर आलं होतं, आणि पुढचा आठवडा कुणाच्याच हातात सापडत नव्हता.

कुबात, तिचा नवरा, तिला म्हणायचा, एका शब्दात सांग. पाऊस येणार की नाही, एका शब्दात. कझानला माझ्याबरोबर येणार की नाही, एका शब्दात. तुझं माझ्यावर प्रेम आहे का. ती म्हणायची, बहुतेक. ते ऐकून तो इतका चिडायचा की पेला आपटून ठेवायचा. बहुतेक म्हणजे काय, असं विचारायचा. आणि तिला कधी समजावून सांगता आलं नाही की प्रामाणिकपणे देता येण्यासारखं तिच्यापाशी तेवढंच आहे, आणि ते थोडं नाही; दहातले नऊ वाटे म्हणजे बहुतेक, आणि तिने आयुष्यात फार थोड्या गोष्टींना नऊ वाटे दिले होते. कझानला जाऊन तो एका 'हो' म्हणणाऱ्या बाईबरोबर राहिला. नासिपाला त्याचा राग येत नसे. फक्त कधी कधी वाटे, ती बाई खरंच हो म्हणत असेल, की तिलाही सरासरी काढून देता येत असेल.

सरासरी. बस वळणावर हेलकावली, तिने वरची दांडी पकडली आणि तळहातातला तो पट्टा पुन्हा जागा झाला. सतरा वर्षांपूर्वीही असाच आठवडा होता, जरासा आधी, ऑक्टोबरचा सुरुवातीचा. पश्चिमेच्या खोऱ्यात तेव्हा राजम्याची झाडं उपटून रानातच ओळीने वाळत घातलेली असतात. आठ दिवस कोरडे मिळाले की झोडपायला तयार. त्या आठवड्यातही दोन हवामानं दिसत होती, एक कोरडं आणि एक ओलं, जवळजवळ सारख्या वजनाची. तिने तसं लिहून नेलं. तेव्हाचे साहेब, आता ते हयात नाहीत, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "नासिपा, शेतकऱ्याला शंका नको असते. कोरडं लिही." तिने कोरडं लिहिलं. स्वतःच्या हाताने लिहिलं आणि स्वतःच्या आवाजात वाचलं. तीन दिवस चिखलाळ बर्फ पडलं. त्यानंतर आठवड्याभराने एक बाई चार तासांचा प्रवास करून कचेरीत आली, नासिपाच्या टेबलापुढे उभी राहिली आणि रुमालाची गाठ सोडून तिने मूठभर राजमा टेबलावर ओतला. दाणे फुगून फाटले होते आणि प्रत्येकातून पांढरा, वाकडा कोंब बाहेर आला होता. "रेडिओवरच्या तुम्हीच ना?" बाईने विचारलं. "आवाजावरून ओळखलं." नासिपा हो म्हणाली. बाई ओरडली नाही, रडली नाही. "तुम्हाला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली. "निम्मं मी छपराखाली घेतलं असतं." एवढं बोलून, परतीची बस चुकेल म्हणून ती घाईने निघून गेली.

या गोष्टीतला खरा सल त्या दिवसाचा नव्हताच. तो पुढच्या सतरा वर्षांचा होता. नासिपाने त्यानंतर कोरडं किंवा ओलं असं ठाम लिहिणं सोडलं, पण माहीत नाही असंही कधी म्हटलं नाही. तिने सरासरीचा आसरा घेतला. थोडंसं ढगाळ, काही ठिकाणी पाऊस, तापमान इतक्या ते इतक्याच्या दरम्यान. असं वाक्य कधी पूर्ण खोटं ठरत नाही. त्याच्यामागे उभं राहिलं की माणूस दिसत नाही. लोकांनी तिला शिव्या देणंही हळूहळू कमी केलं होतं, कारण तिच्या अंदाजावर कुणी काही ठरवेनासं झालं होतं. आणि ती त्याला अनुभव म्हणत होती.

कचेरी गावाच्या वरच्या टोकाला होती. अंगणात चार पायांवर पांढरी जाळीची पेटी, तिच्यात तापमापक. तिने सकाळी आठ वाजताचा आकडा वहीत नोंदवला, चार अंश आणि दोन दशांश, आणि आत जाऊन पडद्यासमोर बसली. दूरच्या देशातलं मोठं यंत्र रोज एकाच आठवड्याचं गणित पन्नास वेळा करून पाठवत असे, दर वेळी सुरुवातीला केसाएवढा फरक करून. पडद्यावर त्या पन्नास रेषा डावीकडून निघत. मंगळवारपर्यंत त्या वेणी घातल्यासारख्या एकत्र होत्या. बुधवारी दुपारी सैल झाल्या. आणि गुरुवारी त्यांच्यात सरळ भांग पडला होता. सव्वीस रेषा खाली, चार अंशांकडे, रात्री उणे सहाकडे. चोवीस वर, चौदा-पंधराकडे. सैबेरियाहून थंडीचा एक लोट सुटलेला होता, एवढं नक्की. तो डोंगराला धडकून या खोऱ्यात शिरणार, की दीडशे किलोमीटर पूर्वेकडून निसटून जाणार आणि इकडे उलट दक्षिणेचा गरम वारा उतरणार, हे त्या यंत्रालाही सांगता येत नव्हतं. नासिपा बराच वेळ त्या भांगाकडे बघत राहिली. मधल्या जागेत, सात ते बाराच्या मध्ये, एकही केस नव्हता. तिला ते सुंदर वाटलं. इतक्या वर्षांत तिने अज्ञान इतकं स्वच्छ विंचरलेलं पाहिलं नव्हतं.

दहा वाजता ओमुरबेक आला आणि त्याच्याबरोबर सामात. ओमुरबेक तिचा साहेब, वयाने सोळा वर्षांनी लहान. नकाशे काढायला त्याला तिनेच शिकवलं होतं, आणि दर शरदात तो तिला आपल्या बायकोने केलेला बेहीच्या फळांचा मुरंबा आणून देई. टेलिफोन वाजला की त्याचे खांदे आधी वर जात, मग तो उचली. सामात शहराच्या भट्ट्यांचा मुख्य. दांडगा माणूस, डोळे लाल, कोटाच्या बाह्या कोळशाने तेलकट झालेल्या. तो टोपी न काढता बसला. एजे, म्हणजे ताई, असंच तिला दोघंही म्हणत.

"एजे, मला एकच आकडा द्या," सामात म्हणाला. "कुठला द्या ते सांगत नाही. एकच द्या."

"मी काढला," ओमुरबेक म्हणाला आणि त्याने एक कागद पुढे सरकवला. "पन्नासांची सरासरी. नऊ पूर्णांक एक. हिशोबात चूक नाही, एजे. तुम्हीच तपासा."

तिने तपासलं. चूक नव्हती. तिला राग आला तो यामुळेच. खोटं लिहायला सांगितलं असतं, तर नाही म्हणणं सोपं होतं.

"नऊ बरोबर आहे," ती म्हणाली. "पण नऊ येणार नाही."

"म्हणजे?"

"इकडे या, दोघंही. हे बघा. गुरुवारी चार येईल, नाहीतर चौदा येईल. नऊवर एक तरी रेघ आहे का? साऱ्या आठवड्यात जे नक्की येणार नाही असं एकच हवामान आहे, आणि ते तुम्ही मला लिहायला सांगताय."

सामातने पडद्याकडे बघितलं. तो इंजिनिअर होता, त्याला रेषा वाचता येत होत्या. बघता बघता त्याने टोपी काढली. "माझ्याकडे कोळसा आहे अडीच महिन्यांचा," तो हळू आवाजात म्हणाला. "हिवाळा आहे पाच महिन्यांचा. रेल्वेच्या वाघिणी सीमेपलीकडे उभ्या आहेत, रोज उद्या म्हणतात. आज भट्टी पेटवली की मला ती विझवता येत नाही. एजे, जानेवारीत उणे पंचवीस असताना कोळसा संपला तर? तेव्हा तुम्ही रेडिओवर काय सांगाल?"

सामात लबाड नव्हता. त्याने रात्र रात्र जागून तो कोळसा मनातल्या मनात किती वेळा वाटला असेल, हे त्याच्या डोळ्यांकडे बघून कळत होतं. अपाची छाती तिला ऐकू येत होती, आणि त्याच वेळी तीच छाती जानेवारीत कशी वाजेल, हेही ऐकू येत होतं. एका क्षणी तिला वाटलं, नऊ लिहावं. तिघांनाही बरं वाटेल. चौदा आलं तर ते म्हणतील नऊच्या वरच आहे, चार आलं तर म्हणतील अंदाज थोडा हुकला. थोडा. तिने स्वतःच्या डोक्यात तो शब्द ऐकला, तिच्याच रेडिओच्या आवाजात, मऊ, कडा घासून घासून गोल केलेला, आणि तिला त्या आवाजाची किळस आली.

"पाइपांत पाणी भरलंय?" तिने विचारलं.

"भरलंय. चाचणीला मागच्या आठवड्यात भरलं."

"उणे सहा झालं तर?"

सामात टोपी हातात फिरवत राहिला. "फुटतील. सगळे नाही. बऱ्याच इमारतींचे."

"मग हे तराजूत घाला, आणि जानेवारीही घाला, आणि ठरवा. ते तुमचं काम आहे, सामात, आणि अवघड आहे. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. पण माझ्या नऊच्या आड बसून ठरवू नका."

"एजे, दिवसपाळीच्या प्रमुखाची, म्हणजे तुमची, सही लागते," ओमुरबेक म्हणाला. त्याचा आवाज विनवणीचा होता. "नगरपालिकेला बाराच्या आत आकडा हवाय."

"म्हणूनच करत नाही."

"मी केली तर?"

"कर. खाली नाव तुझं लिही. पण लिहिण्याआधी तू सांग, तुझ्या घरी गुरुवारी मुलीला कुठला कोट घालशील? नऊ अंशांचा?"

ओमुरबेकने पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग त्याने एक टंकलेला कागद तिच्यापुढे ठेवला. "निदान रेडिओवर एवढं वाचा. सहीचं आपण नंतर बघू." त्यावर दोन ओळी होत्या. आठवडाभर अस्थिर हवामान, सरासरी तापमान नऊ अंशांच्या आसपास. नासिपाने कागद वाचला, घडी घातली आणि चहाच्या पेल्याखाली ठेवला.

बाराला पाच मिनिटं असताना रेडिओवरून एल्नुराचा फोन आला. रोजच्यासारखं ती म्हणाली, "एजे, गाणं संपतंय, तयार राहा." फोनची ती लाइन थेट प्रसारणाला जोडली जाई. एकोणतीस वर्षं नासिपा हा फोन कानाला लावून बसली होती, आणि दर वेळी गाणं संपून तिचा आवाज सुरू व्हायच्या मधे एक शांतता असे, दोन सेकंदांची, जिच्यात तिला अख्खं गाव श्वास रोखून असल्यासारखं वाटे. मग तिला हसू येई, कारण गाव त्या वेळी मटणाचा शोर्पो ओरपत असे. आज तिला हसू आलं नाही. काचेबाहेर धूसर होतं, जाळीच्या पेटीवर एक कावळा बसला होता. सतरा वर्षं, तिने विचार केला. मग तिने तोंड उघडलं.

"नासिपा बोलतेय, हवामान कचेरीतून," ती म्हणाली. आपलं नाव तिने यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. "आज आणि उद्या थंड, अधूनमधून पाऊस. बुधवारपर्यंतचं मला ठाऊक आहे. गुरुवारचं ठाऊक नाही. दोन शक्यता आहेत, आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच. एक, बर्फ पडेल आणि रात्री उणे सहापर्यंत जाईल. दुसरी, दक्षिणेचा वारा सुटेल आणि चौदा-पंधरा अंश होईल. यातली कुठली येईल, हे आज कुणालाच सांगता येत नाही. जो सांगेल त्याला विचारा, कशावरून. सरासरी काढली तर नऊ येते, पण त्या नऊवर विसंबू नका, तसं होणार नाही. ज्यांची गुरं डोंगरात आहेत, ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत, ज्यांच्या पाइपांत पाणी आहे, त्यांनी दोन्ही धरून चाला. बुधवारी मी पुन्हा सांगेन. तेव्हाही ठाऊक नसेल, तर तेही सांगेन."

मग एल्नुराने विचारलं, "एजे, झालं?"

"झालं."

"असंच जाऊ द्यायचं होतं ना?"

"गेलं की आता," नासिपा म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिची पाठ ओली झाली आहे आणि थंडी मुळीच वाजत नाही.

त्या दुपारी चाळीसेक म्हाताऱ्या भट्ट्यांच्या कचेरीत गेल्या. पुढे उरकिया अपा होती; प्रत्येकीने बसायला आपापलं स्टूल नेलं होतं. कुणी घोषणा दिली नाही. त्या व्हरांड्यात बसून विणत राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उणे सहा म्हणजे काय ते सांगत राहिल्या. मंगळवारी संध्याकाळी भट्ट्या पेटल्या. बुधवारी सकाळी सामातचा फोन आला. "पेटवलं," तो म्हणाला. "तुमच्यामुळे नाही, त्या बायांमुळेही नाही. पाइपांमुळे. मी ठरवलं."

"बरं केलंत की वाईट, मला अजूनही सांगता येत नाही," नासिपा म्हणाली. "आज सकाळी एकतीस रेषा खाली आणि एकोणीस वर आहेत."

"तुम्ही माणसाला झोपू देत नाही, एजे," सामात म्हणाला. पण त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. दुपारी रेडिओवरही तिने तेच सांगितलं.

गुरुवारी पहाटे ती जागी झाली ती वाऱ्याच्या आवाजाने. खिडकीची तावदानं थरथरत होती. तिने हात बाहेर काढला आणि वारा गरम होता. ओल्या मातीचा, मेंढ्यांच्या लोकरीचा वास असलेला, डोंगरावरून घसरत आलेला वारा. आठवड्याभराने डोंगर दिसत होते, जवळ, कापून लावल्यासारखे. दुपारी पंधरा अंश झालं. एकोणीस रेषा होत्या, एकोणीस रेषांपैकीच एक आली होती. पूर्वेच्या खोऱ्यात, दीडशे किलोमीटरवर, गुडघाभर बर्फ पडल्याची तार आली. तिने ती फाइलला लावली आणि कुणाला दाखवली नाही. तो काही पुरावा नव्हता. इकडे पडलं नव्हतं, एवढं खरं होतं. सगळ्या गावाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खिडक्यांतून सामातचा कोळसा आकाशात चालला होता. जानेवारीच्या एखाद्या दिवसाची ऊब, आज, वाया. हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. उभी राहून तिने ते बघितलं. जानेवारीत जे होईल त्यात तिचाही वाटा असेल. किती वाटा, हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या न ठाऊक असण्यासकट तिला जगायचं होतं. पण नऊ लिहायला हवं होतं, असं तिला एकदाही वाटलं नाही. तिने मुद्दाम स्वतःला तीनदा विचारून बघितलं.

शुक्रवारी बाजारात फळवाल्याने तिला आवाजावरून ओळखलं. "एजे, ही थंडीतली अमरफळं कशाला घेता? कलिंगड देऊ का? उन्हाळा आणलात तुम्ही." आजूबाजूचे हसले. "मी दोन्ही सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही तर माझी सासूही सांगते," तो म्हणाला, "तिला कुणी पगार देत नाही." लोक पुन्हा हसले, आणि नासिपाही थोडीशी हसली, कारण तो चांगलं बोलला होता. मग तिने अमरफळं निवडून घेतली, एकेक दाबून, सावकाश, कुणाच्याही हसण्याची घाई न करता. घरी अपाचं दार उघडं होतं. अपा नुसत्या ब्लाउजवर खिडकीत बसली होती, गाल लाल.

"भाजून निघाले मी," अपा म्हणाली. "बर्फ कुठाय तुझं?"

"मी बर्फ नव्हते म्हणाले, अपा. दोन म्हणाले होते."

"दोन कोण ऐकतं, पोरी? मी माझ्या कामाचं तेवढं ऐकलं."

हे मात्र तिला लागलं. फळवाल्याचं लागलं नव्हतं. ज्या बाईने हात धरला होता, तिनेही निम्मंच ऐकलं होतं. रात्रभर ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं, आणि शनिवार-रविवार तिने कुणाशी फारसं बोलणं केलं नाही. माणसांना एकच गोष्ट धरता येत असेल, दोन हातांत दोन धरून त्यांना चालताच येत नसेल, तर कुबात बरोबर होता, जुने साहेब बरोबर होते, आणि ती नुसती हट्टी होती. असू शकेल. या शक्यतेलाही तिने तिचा वाटा दिला. पण तो निम्म्याहून कमी होता.

सोमवारी ओमुरबेकने तिला बोलावून एक कोरा कागद दिला. वर लिहिलं होतं, खुलासा. अंदाज का चुकला आणि संमती नसलेला मजकूर का प्रसारित केला, याचं लेखी स्पष्टीकरण. तो तिच्याकडे बघत नव्हता. "फार नका लिहू, एजे. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढंच. मी फाइलला लावून टाकतो, कुणी वाचत नाही."

तिने उभ्या उभ्या लिहिलं. 'अंदाज चुकलेला नाही. दोन शक्यता सांगितल्या होत्या, त्यांतली एक आली. मजकूर संमतीविना प्रसारित केला, हे खरं. पुढच्या वेळी दोन दिसल्या तर दोनच सांगेन.' खाली तिने सही केली, पूर्ण नावाने.

ओमुरबेकने वाचलं. "रेडिओ तुमच्याकडून काढून घ्यावा लागेल मग," तो म्हणाला. "आजपासून मजकूर छापील जाईल, एल्नुराच वाचेल."

"आवाज तिचा चांगला आहे," नासिपा म्हणाली. "नकाशे?"

"नकाशे तुमचेच. ते कोण काढणार दुसरं?"

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. बारा वाजले. शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर गाणं संपलं आणि एल्नुरा वाचू लागली, स्वच्छ, गोड, सरासरी सहा अंश. नासिपाने तिकडे लक्ष दिलं नाही. पडद्यावरच्या रेषा या आठवड्यात वेगळ्या होत्या, भांग नव्हता, सगळा गुंता होता. ती एकेक रेघ मोजत होती, तेव्हा टेबलावरचा टेलिफोन वाजला. हा कचेरीचा जुना क्रमांक, दारावरच्या पाटीवर लिहिलेला. महिन्यातून एखाद्या वेळी कुणी चुकून फिरवी.

"त्या नासिपा आहेत का? मागच्या सोमवारी बोलल्या त्या?" बाईचा आवाज, गावाकडचा, मागे कोंबड्या. "आता रेडिओवर दुसरीच कुणी बोलली, ते सहा-बिहा मला काही कळलं नाही. शनिवारी आमच्याकडे सून येतेय. अंगणात यर्टचा तंबू उभारायचा की नाही? दीडशे माणूस आहे."

"मला ठाऊक नाही," नासिपा म्हणाली. "आजचं बघितलं तर दहातले सहा वाटे पाऊस किंवा बर्फ, चार वाटे कोरडं. उद्या ते सहाचे पाच होतील किंवा आठ."

कोंबड्या ऐकू येत राहिल्या. नासिपा वाट बघत राहिली, फोन गच्च धरून.

"असं म्हणता," बाई शेवटी म्हणाली, आणि ती मोठ्याने विचार करत असल्याचं ऐकू येत होतं. "मग यर्ट उभारते, पण जेवण आत शिजवते. आणि शेजारच्या दोन खोल्या मागून ठेवते. आठ झाले तर तिसरीही मागेन. उद्या कधी फोन करू?"

"नऊनंतर. सकाळचं सगळं हातात येतं तोवर."

"करते," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

ओमुरबेक दारात उभा होता. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे. "कोण होतं?"

"हवामान विचारत होत्या."

"काय सांगितलंत?"

"ठाऊक नाही म्हणून सांगितलं," नासिपा म्हणाली. आणि फोन पुन्हा वाजू लागला म्हणून तिने तो उचलला.